विचारल्यास

४ नोव्हेंबर, सोमवार

दादा,

वर नमस्कार लिहून खोडला. तुला तो सरकारी वाटला असता.

फोनवरून पाठवलेला माझा एकही निरोप तुझ्यापर्यंत पोचत नाही, किंवा पोचतो आणि तू उघडत नाहीस. म्हणून कागदावर लिहितेय. मदतसंस्थेच्या ज्या बाई औषधांच्या गाडीबरोबर तुमच्या शहरात जाऊन येतात, त्या पाकीट न्यायला तयार झाल्या. उत्तराची हमी मात्र देत नाहीत. "ते तुमच्यावर फार रागावलेत," असं म्हणाल्या, जणू मला ती बातमीच होती.

तुझा शेवटचा निरोप मला पाठ आहे. तू परदेशात ज्या नोकरीवर गेलास त्या जलशुद्धीकरण केंद्रावर तोफगोळे पडले त्या संध्याकाळी आमचे प्रवक्ते टीव्हीवर म्हणाले, "आम्ही परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत." तू लिहिलंस, "लक्ष ठेवून आहात ना? मग बघत बसा. तुझ्या साहेबाच्या तोंडून एक सरळ वाक्य येईल तेव्हा बोलू." ते लक्ष ठेवणारं वाक्य मी लिहिलेलं असतं हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू ते साहेबांना नाही, मला ऐकवलंस.

आई जेवताना पाहुण्यांना सांगते की मुलगी परराष्ट्र खात्यात आहे, आणि तू सांगायचास की ती तिथे कागद सरकवते. तर कोणते कागद ते आता ऐक. रोज दुपारी प्रवक्त्यांची पत्रकार परिषद असते. त्यांच्यापुढची फाइल मी लावते. तिच्यात पांढरी पानं असतात आणि पिवळी पानं असतात. पांढऱ्या पानावर सरकार आपणहून बोलणार ते. पिवळ्या पानाच्या डोक्यावर एकच शब्द छापलेला असतो, 'विचारल्यास'. एखाद्या बातमीदाराने नेमका तो प्रश्न विचारला, तरच खालचं उत्तर द्यायचं. नाही विचारला तर पान जसंच्या तसं परत येतं आणि सरकारने ते वाक्य कधी उच्चारलेलंच नसतं. दोन देश एकमेकांच्या जिवावर उठलेले असले की आमच्या बहुतेक भूमिका पिवळ्या असतात. तुमच्या शहराला वेढा घालून बसलेल्या त्या मोठ्या शेजारी देशाच्या समुद्रातूनच आपल्या गव्हाची जहाजं येतात. त्याला झोंबेल असं काही बोलायचं असेल, तर ते कुणीतरी आपल्याकडून काढून घेतलं असं दिसायला हवं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. नदीकाठची मुख्य जलवाहिनी फुटली आहे, ती जोडल्याशिवाय अर्ध्या शहराला पाणी नाही, आणि जोडायची जागा नेमकी दोन्ही सैन्यांच्या मधे. काही तास गोळीबार थांबवा म्हणून त्यांची संस्था दोघांशी बोलतेय. शेजारी म्हणतो, एखादं बाहेरचं सरकार उघडपणे मागणी करत असेल तर बघू. दोघांशी अजून बोलणं चालू असलेलं सरकार म्हणजे आपलंच. आणि वाहिनी जोडायला जाणाऱ्या तुकडीचा प्रमुख तू. "थांबले तर ठीक, नाहीतर तसेच जाऊ," असं तू म्हणालास म्हणे.

म्हणाला असशील. गच्चीवरची टाकी बघायला शिडी आणतेय, थांब, असं मी म्हणेपर्यंत तू खिडकीच्या गजांवरून अर्ध्यात पोचलेला असायचास. मी खाली उभी, आईला सांगावं की न सांगावं या विचारात.

या वेळी शिडी आणते. थांब. वाक्य आज लिहून झालंय.

आईला तू बंदराच्या गावी सुरक्षित आहेस असं मी सांगून ठेवलंय. ती काही विचारत नाही.

तुझी पट्टी

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

वाक्य वर गेलं आणि खाली आलं. अजून जिवंत आहे. तू म्हणशील, चार दिवस एका वाक्याला? सांगते.

मी लिहिलं होतं: 'पाणीपुरवठा केंद्रावरच्या हल्ल्यांचा आम्ही निषेध करतो. फुटलेली वाहिनी जोडणाऱ्या कामगारांना वाट मिळावी आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवावा.' व्यापार विभागातले गृहस्थ म्हणाले, 'हल्ले' कशाला, 'घटना' म्हणा. मी म्हटलं, घटनेने नळ फुटत नाहीत. ते हसले. हसल्यावर माणूस सही करतो असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. त्यांनी कागद तीन दिवस ठेवून घेतला. विधी विभागाला 'निषेध' खटकला, कारण निषेध केला की पुढे काय करणार असं विचारतात आणि आपण पुढे काही करणार नाही. त्या देशांचं काम बघणाऱ्या प्रदेश विभागाने 'दोन्ही बाजूंनी' दोनदा घालायला सांगितलं. एकदा पुरे आहे हे पटवायला माझी एक अख्खी दुपार गेली.

शेवटी देवघेव झाली. मी 'निषेध' सोडला, त्यांनी 'हल्ले' राहू दिले. 'हल्ले चुकीचे आहेत' असं झालं. घरी येताना बसमध्ये स्वतःलाच विचारत होते की मी जास्त तर सोडलं नाही? हल्ले चुकीचे असतात हे कुणालाही वर्गात बसून सांगता येतं. पण वाट आणि गोळीबार थांबवणं शाबूत राहिलं, आणि तुला लागणार आहे ते तेच. असं मी ठरवलं. बरोबर ठरवलं की सोयीचं, ते माहीत नाही.

आमच्या विभागाच्या संचालक मॅडम, ज्या बारा महिने खुर्चीवर एक स्वेटर टाकून ठेवतात, त्यांनी सगळ्यात शेवटी सही केली. मग खणातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पिवळा.

मी विचारलं, पांढऱ्यावर नाही का जमणार? त्या म्हणाल्या, "अगं, इथवर आलं हेच खूप. आणि कुणी ना कुणी विचारेलच. शहराला पाणी नाही ही काय लहान गोष्ट आहे?"

मलाही तसंच वाटतंय. सोमवारी कुणी ना कुणी विचारेल.

बाई सांगत होत्या की पहिलं पत्र तू घेतलंस आणि न उघडता खिशात टाकलंस. खिशात तर खिशात.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दादा,

कुणी विचारत नाही.

सोमवारी पहिला प्रश्न आला तो पंतप्रधानांच्या दौऱ्यात मेजवानीला कोण कुणाशेजारी बसलं याचा. मग विमानतळाच्या नव्या इमारतीचा. मग एक मुलगी उठली, म्हणाली, "वेढ्यातल्या शहराबद्दल..." मी मागच्या भिंतीपाशी उभी होते. ती पुढे म्हणाली, "...तिथल्या आपल्या खेळाडूंचे सामने आता कुठे होणार?" प्रवक्त्यांनी त्याचं उत्तर छान दिलं. त्याचंही पिवळं पान होतं आणि तेही मीच लिहिलं होतं.

काल गव्हाच्या जहाजांवर सगळा वेळ गेला. आज परिषदच लवकर आटोपली, कारण प्रवक्त्यांचा घसा बसला होता.

आपली माणसं वाईट नाहीत. त्यांच्या संपादकांनी सांगितलेलं ते विचारतात. तुमचं शहर गेल्या महिन्यात रोज पहिल्या पानावर होतं. आता वाचकांना त्या नावाची सवय झाली आहे, आणि सवय झालेल्या गोष्टीबद्दल कुणी हात वर करत नाही.

आता एक गोष्ट सांगते, तिच्यावरून तू मला काय वाटेल ते बोल. कॉफीच्या यंत्रापाशी रोज एक चष्मेवाला बातमीदार भेटतो. चांगला माणूस, नेहमी सुट्टे पैसे विसरतो. आज कप भरता भरता त्याने सहज विचारलं, "आज काही आहे का फाइलीत?" एवढंच म्हणायचं होतं की पाण्याचं विचारून बघा. माझ्या जागी काम केलेल्या कितीतरी जणांनी असं केलंय. नियमात बसत नाही, पण चालतं, आणि सगळ्यांना माहीत असतं.

मी म्हटलं, "नाही, नेहमीचंच."

का, ते मी जिना चढताना शोधत होते. तिथे दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मी सांगितलं असतं, जवळजवळ नक्की सांगितलं असतं. तिथे माझा भाऊ आहे म्हणून मी गप्प बसले. म्हणजे सरकारचा आवाज घरच्या कामाला लावला असं होऊ नये म्हणून. किती स्वच्छ वाटतं ना हे? आणि याचा अर्थ एवढाच की तू माझा कुणी नसतास तर आज तुला जास्त फायदा झाला असता. तू मला पट्टी म्हणायचास, वहीला समास आखल्याशिवाय ही एक अक्षर लिहिणार नाही म्हणून. आखतेय अजून.

आईने आज टीव्ही लागल्यावर नेहमीप्रमाणे उठून स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. तिला बातम्या सोसत नाहीत असं दिसतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दादा,

आज मॅडमना तुझ्याबद्दल सांगितलं.

मनात असं होतं की एकदा हे उघडं केलं की माझ्यावर काही राहणार नाही. मग मला मोकळेपणाने म्हणता येईल की हे पान पांढरं करा, आणि माझा भाऊ तिथे आहे म्हणून नव्हे तर वाक्य बरोबर आहे म्हणून करा. शनिवार-रविवार मी हे मनात घोळवलं आणि प्रत्येक वेळी ते मला पटलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. उठून दार लावलं. स्वेटर अंगात घातला, जो त्या कधीच घालत नाहीत.

"हे तू मला का सांगितलंस?"

मी म्हटलं, लपवणं बरोबर वाटत नव्हतं.

"तुला बरं वाटावं म्हणून सांगितलंस," त्या म्हणाल्या. रागाने नाही, थकून म्हणाल्या. "मला अंदाज होता. आडनाव एक, गाव एक. अंदाज असला तर मला काही करावं लागत नाही. आता मला माहीत आहे. आता मला करावं लागेल."

मी विचारलं, काय करावं लागेल?

त्यांनी समजावून सांगितलं. उद्या शेजाऱ्याच्या वकिलातीला कळलं की ते वाक्य लिहिणाऱ्या बाईचा भाऊ वेढ्यात आहे, तर वाक्य सरकारचं राहत नाही, बहिणीचं होतं. मग त्याला किंमत नाही. म्हणून तुमच्या शहराचं काम आजपासून माझ्याकडे नाही. आणि ते पिवळं पान 'फेरविचारासाठी' बाहेर काढलंय.

मी म्हटलं, पण त्यावर चार विभागांच्या सह्या आहेत, वाक्य तेच आहे, एक अक्षर बदललेलं नाही.

"वाक्य तेच आहे गं," त्या म्हणाल्या. "माझं ऐकशील? घरी जा आज."

मी घरी गेले नाही. शेजारच्या टेबलावर बसून एका बेटावरच्या मासेमारीच्या भांडणावर आपली भूमिका लिहीत बसले. ती पांढऱ्या पानावर गेली.

२० नोव्हेंबर, बुधवार

दादा,

आज त्याने विचारलं.

चष्मेवाल्याने. मी काही सांगितलं नव्हतं, तुझी शपथ. त्याच्या संपादकांना कुठूनतरी रिकाम्या बादल्यांच्या रांगेचा फोटो मिळाला होता, म्हणून. सरळ, स्वच्छ प्रश्न, मी स्वतः लिहून दिला असता तर इतका नेमका झाला नसता: "पाणीपुरवठा केंद्रावरच्या हल्ल्यांबद्दल सरकारची भूमिका काय, आणि वाहिनीच्या दुरुस्तीसाठी गोळीबार थांबवावा असं सरकारला वाटतं का?"

प्रवक्त्यांनी फाइल उघडली. ते पान कुठे असायचं ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. बोटं तिथे गेली. मग एक पान पुढे, एक मागे. मग त्यांनी मान वर करून मागच्या भिंतीकडे, माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

"आम्ही परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत," ते म्हणाले.

इतके दिवस वाक्य होतं तेव्हा प्रश्न नव्हता. आज प्रश्न आला तेव्हा वाक्य नव्हतं, आणि ते मी काढायला लावलं, चोख वागण्याच्या नादात. हे एवढं आणि असं नीट जुळवून आणायला माझ्यासारखंच माणूस हवं. घाईघाईने कुणी एवढं नुकसान करू शकलं नसतं.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात, दार लोटलेलं. आत काहीतरी बोलणं ऐकू येत होतं. ढकललं तर ओट्यावर डब्यांच्या मागे छोटा रेडिओ, आणि आई त्याला कान लावून. प्रवक्त्यांचाच आवाज. आणि तिच्यापुढे तिचा जुना, शाळेतला नकाशांचा संच उघडा.

मला बघून तिने रेडिओ बंद केला नाही. म्हणाली, "तो बंदरात नाही ना?"

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"तीस वर्षं भूगोल शिकवला मी. बंदरात असता तर समुद्राचा एक तरी फोटो पाठवला असता त्याने. तो नदीवर आहे." तिने नकाशावर बोट ठेवलं, नेमकं जिथे ठेवायला हवं तिथे.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"मी विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. ते तुला जमत नाही, आजारी पडतेस." मग गॅस बारीक करून म्हणाली, "ऑफिसात तुम्ही विचारल्याशिवाय सांगत नाही, घरात विचारल्याशिवाय सांगत नाहीस. नोकरी बाकी तुला शोभेशी मिळाली."

मी तिला सगळं सांगितलं. पिवळी पानं, सह्या, स्वेटर, सगळं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "ते वाक्य म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. ओट्याशी उभी राहून, शाळेत कविता म्हणतात तसं.

"यात न बोलण्यासारखं काय आहे?" आई म्हणाली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

घाईत लिहितेय. बाई बाहेरच्या खोलीत बसल्या आहेत, गाडी तासाभरात सुटते.

काल सकाळी मॅडमच्या टेबलावर राजीनामा ठेवला. मग जिना उतरून कॉफीच्या यंत्रापाशी गेले आणि चष्मेवाल्याला त्याच्या कपाचे पैसे देऊन सगळं सांगितलं. कागद दिला नाही, तो माझ्याकडे नाहीच. तोंडपाठ होतं ते सांगितलं. वाक्य असं असं होतं, इतक्या विभागांना मान्य होतं, ते मी लिहिलं, माझा भाऊ तिथे आहे, आणि ते कळल्यावर ते काढलं. हे सगळं माझ्या नावानिशी छापा, भावाचंही छापा, लपवून काही नको. आधी राजीनामा आणि मग बोलणं, या क्रमाने गुन्हा कमी होत नाही हे मला माहीत आहे. कारवाई होईल, बहुतेक पेन्शनही जाईल. पण क्रम मला तोच हवा होता. समास म्हण हवं तर.

आज ते पहिल्या पानावर आलं. खालच्या कोपऱ्यात, पण पहिल्या पानावर.

दुपारी आई, बाई आणि मी ओट्यापाशी रेडिओ ऐकत उभ्या होतो. पहिलाच प्रश्न तो. दुसरा तोच, तिसराही तोच. एकाने तर 'विचारल्यास' हाच शब्द घेऊन विचारलं, आणि सभागृहात हसल्याचं ऐकू आलं. मग पान उलटल्याचा आवाज आला. कागदाच्या आवाजावरून रंग कळत नाही. प्रवक्त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पाणीपुरवठा केंद्रावरचे हल्ले चुकीचे आहेत. फुटलेली वाहिनी जोडणाऱ्या कामगारांना वाट मिळावी आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवावा."

अक्षर न् अक्षर.

मग कुणीतरी विचारलं, ही भूमिका सरकारने आजच घेतली का?

"छे," प्रवक्ते म्हणाले. "आमची भूमिका पहिल्यापासून हीच आहे. कुणी विचारलं नव्हतं."

आई इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. मला हसू आलं नाही. भिंतीवर काहीतरी फेकावंसं वाटलं, आणि हाताशी फक्त रेडिओ होता.

बाईंचा फोन सारखा वाजतोय. शेजाऱ्याने 'विचार करू' म्हटलंय, कदाचित उद्या सकाळचे काही तास मिळतील. पण त्यांच्या तिथल्या माणसाने आणखी एक सांगितलं. काल संध्याकाळी तुझ्या तुकडीने कोठीतून जोडकामाचं सगळं सामान बाहेर काढलं, आणि त्यानंतर तुम्ही कुणाला दिसला नाहीत. वाट बघत बसलात की तसेच गेलात, हे त्याला माहीत नाही. म्हणजे वाक्य वेळेवर पोचलं की एक दिवस उशिरा, हेही मला माहीत नाही. आणि उशीर झाला असेल तर तो दिवस कुणाचा, ते मला माहीत आहे.

आईला एक ओळ लिहायची होती, म्हणून खाली जागा सोडून कागद आधी तिला दिला. तिने लिहून झाल्यावर मला वाचू दिली. 'पाणी आलं की आधी स्वतः पोटभर पी, मग लोकांना वाट.' तिच्या मते तू तेवढं तरी ऐकशील.

तू म्हणाला होतास, तुझ्या साहेबाच्या तोंडून सरळ वाक्य येईल तेव्हा बोलू. आलं. आता ही खिशातली सगळी पाकिटं उघड आणि बाईंच्या हाती, नाहीतर कुणाच्याही हाती, एक शब्द पाठव. 'हो' किंवा 'नाही', एवढाच.

मी विचारते आहे, दादा. निघाला होतास का?